त्याला मी रोज बघत होते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं हात जोडून उभी राहिले तरी दुसरंच काहीतरी पुटपुटत आले – पोराची नोकरी, म्हशीचं वेत, माझे गुडघे. देवाला काय, ठाऊकच असणार, असं म्हणून सुटका करून घ्यायची. तुम्हाला मात्र ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखतही नाही, आणि तेच बरं आहे. ओळखीच्या माणसांपुढं माझी जीभ कशी वळते ते मला चांगलं माहीत आहे.

मूळ गोष्ट सांगायला अजून धीर व्हायचाय. आधी राग कशाचा आला ते सांगते. राग लगेच सांगता येतो.

गेल्या महिन्यात कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका सभागृहात व्याख्यान होतं. विषय – आमच्याकडचा एक जुना खून. चाळीस वर्षं झाली त्याला. तात्या म्हणून गुळाचे मोठे व्यापारी होते, त्यांना संध्याकाळी त्यांच्याच गोडाऊनमागच्या बोळात कुणीतरी भोसकलं. तालमीतल्या एका पैलवानाला त्यापायी जन्मठेप झाली. तो खरा खुनी होता का नव्हता यावर तेव्हापासून वाद आहे, आणि आता मोबाइल आल्यापासून तर विचारूच नका. ज्याच्या हातात कॅमेरा तो त्या बोळात उभा राहून बोलतोय. एक म्हणतो, तात्यांच्या पुतण्याचं काम. दुसरा म्हणतो, पैलवानच, पण कुणीतरी पाठवलेला. अरे, तुम्ही तेव्हा जन्माला तरी आला होता का? आणि सगळ्यांची गाडी शेवटी येऊन थांबते एका बाईवर. खून करून पळणाऱ्या माणसाला बघणारी, ओळख परेडीत पैलवानाला हात लावून "हाच" म्हणणारी एकुलती एक साक्षीदार.

ती बाई मी.

व्याख्यान देणारे एक निवृत्त वकील होते. चांगला सज्जन माणूस, आवाजही छान. माझी सून मला मुद्दाम घेऊन गेली होती. तिला सासूचा अभिमान. "आमच्या आत्यांनी भर कोर्टात बोट दाखवलं," असं ती माहेरी सांगत असते. वकीलसाहेबांनी एकेक मुद्दा काढला. दिवेलागणीची वेळ, उजेड कमी. बाईंनी माणूस पाहिला तो क्षणभर, तोही बाजूनं. ओळख परेड झाली पाच आठवड्यांनी. रांगेत सातजण, पण कुस्तीनं मोडलेले कान एकट्या पैलवानाचेच. माणसाची आठवण म्हणजे काय फोटो नव्हे, ती मागाहून बदलते, भर घालते, वगैरे. मी मान हलवत होते. सगळं खरं होतं. आणि मग ते म्हणाले – त्यात त्या बाईंचा काहीही दोष नाही, त्यांची चूक झाली असेल तर ती प्रामाणिक चूक होती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुनेनं माझा हात दाबला.

माझ्या अंगाचा असा भडका उडाला म्हणून सांगू! प्रामाणिक? कुणी सांगितलं ह्यांना? मला कुणी विचारलं? चाळीस वर्षं पोटात घेऊन फिरलेली गोष्ट, आणि हा भला माणूस मला दहा मिनिटांत धुऊन, घडी घालून परत देतोय! उजेड कमी होता म्हणे. होता कमी. पण कोर्टात भरदुपारी खिडकीतून ऊन येत होतं, तिथं काय कमी होतं?

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठली. चाळिशीची असेल. साधी साडी, खांद्याला पिशवी. तिनं नाव सांगितलं सुनंदा, मलकापूरहून आले म्हणाली. त्या पैलवानाची मुलगी. ती म्हणाली, "माझे वडील सुटून आल्यावर चार वर्षांनी गेले. शेवटपर्यंत एकच सांगत होते, त्या बाई मला रोज बघत होत्या, त्यांच्या कट्ट्यावर मी दोन वर्षं दूध पीत होतो. खुनाचं राहू दे. हे तरी खरं होतं का खोटं, एवढंच मला पाहिजे."

वकीलसाहेब हळू आवाजात म्हणाले की कागदपत्रांत तसा पुरावा नाही. ती बसली.

आणि मी? मी तिच्यापासून सहा खुर्च्यांवर होते. उठले नाही. पाणी पाहिजे म्हणून सुनेला बाहेर घेऊन आले आणि रिक्षात बसले. म्हणजे बघा, चौसष्ट वर्षांची झाले, दात पडले, तरी भेकडपणा काही पडला नाही.

आता सांगते. कट्टा म्हणजे काय ते कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको, पण तुम्ही बाहेरचे असाल तर – संध्याकाळ झाली की रस्त्याकडेला म्हशी आणून बांधायच्या आणि गिऱ्हाइकासमोर धार काढायची. कासंडीतनं थेट पेल्यात, फेसासकट, कोमट. गिऱ्हाईक उभ्यानं पितं, मिशा पुसतं आणि जातं. मी माहेरची गडमुडशिंगीची. लग्न होऊन शहरात आले तेव्हा आमच्या चार म्हशी कट्ट्यावर होत्या. धार मामंजी आणि आमचे हे काढायचे. पेले विसळायचे, भरायचे आणि पुढं करायचे, हे माझं काम.

त्यात एक रीत होती. सुनेनं डोक्यावरचा पदर खाली येऊ द्यायचा नाही आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघायचं नाही. पेला पुढं येतो, भरायचा; हात दिसतो, तेवढाच बघायचा. मामंजींना ह्याचा फार अभिमान. चारचौघांत म्हणायचे, "आमची सून रोज दोनशे माणसांना दूध पाजती, पण उद्या तेच माणूस दारात आलं तर वळखायची न्हाय." लोक हसायचे, मलाही बरं वाटायचं. सगळे कौतुक करायचे त्याचं – बाई आंधळी असल्याचं कौतुक!

पण मी आंधळी नव्हते. चोवीस वर्षांची होते.

एक पैलवान यायचा. रोज, तालमीतनं सुटला की. अंगावर माती तशीच, खांद्यावर पंचा. दोन्ही कान कुस्तीनं मोडून मुठीएवढे झालेले – पण तसे कान आमच्याकडं गल्लीगल्लीत सापडतात, त्यात नवल नाही. नवल दुसरंच. हा माणूस दूध प्यायला की पेला स्वतः विसळून, पालथा घालून ठेवायचा. दोनशेतला एक! बाकीचे पेला नुसता पुढं ढकलायचे, कुणी कुणी त्यात विडीचं थोटूक टाकायचे. हा विसळायचा आणि म्हणायचा, "वैनी, ठेवला बघा." बस, दोन वर्षांत तो माझ्याशी एवढंच बोलला. नावसुद्धा मला माहीत नव्हतं. सगळे त्याला पैलवान म्हणायचे, आणि तसे पैलवान वीस होते.

मी त्याच्याकडं बघायचे. पदराच्या काठाखालनं. लिहूनच टाकते – तो मला आवडायचा. आमचे हे वाईट नव्हते हो, कधी हात उगारला नाही. पण आपण विसळलेल्या पेल्याची कुणाला तरी किंमत आहे, हे बघायला संध्याकाळ व्हायची वाट मी बघायचे. त्यापुढं काही नाही. नजरेला नजरसुद्धा नाही. हे मी माझ्या बचावाला सांगत नाही, उलट सांगते. ज्याच्यासाठी माझ्या मनात एवढी जागा होती, त्याच्याशी मी काय केलं ते नीट कळावं म्हणून.

तात्यांचा खून झाला त्या संध्याकाळी मी एका घरी दूध पोचवून परत येत होते. गोडाऊनमागच्या बोळाच्या तोंडाशी पोचले तोच आतनं एक माणूस पळत आला आणि मला धडकला. दुधाची चरवी हातातनं निसटली. धिप्पाड गडी, डोक्याला मफलर गुंडाळलेला, मफलरातनं एक कान बाहेर – मोडलेला. तोंड दिसलंच नाही. तो गेला. आत वाकून बघितलं तर तात्या भिंतीला टेकून बसले होते आणि धोतर लाल झालं होतं. मी ओरडले.

पोलिसांना मी त्याच वेळी सांगितलं – धिप्पाड, मफलर, कान मोडलेला, अनोळखी. अनोळखी! हा शब्द माझाच, जबाबात लिहिलेला आहे, वकीलसाहेबांनी व्याख्यानात वाचूनही दाखवला. त्यावरनं लोक काय काढतात? की बाईनं आधी खरं सांगितलं आणि मग गडबडली. अहो, जरा डोकं चालवा की! ज्याला मी दोन वर्षं रोज बघत होते, ज्याचं चालणं, ज्याच्या अंगाचा वास मला माहीत, तो माणूस अंगावर येऊन धडकला असता तर मला कळलं नसतं? मी अनोळखी म्हणाले असते? तोंड दिसलं नाही म्हणून काय झालं! खरा खुनी कोण ते मला माहीत नाही, कधीच माहीत नव्हतं. पण तो पैलवान नव्हता. हे मला त्या बोळाच्या तोंडाशी उभं असल्यापासून माहीत होतं, फक्त तेव्हा हा प्रश्नच कुणी विचारला नव्हता.

काही दिवसांनी एक पैलवान पकडल्याची बातमी आली. मलकापूरकडचा, शहरात नात्याचं कुणी नाही, तालमीच्या जागेवरनं तात्यांशी भर रस्त्यात भांडलेला. माझं गिऱ्हाईक पैलवानही त्याच सुमारास दिसेनासा झाला होता. माझ्या मनात आलं नाही का? मी आजवर स्वतःला सांगत आले की नाही आलं, जत्रांचे दिवस होते, कुस्त्यांना गेला असेल असं वाटलं. खरं सांगायचं तर आलं होतं. ढकलून दिलं.

ओळख परेड तुरुंगात होती. जीपमध्ये हवालदार म्हणाला, "घाबरू नका वैनी, त्यो हाय तिथं, तुम्ही फकस्त हात लावायचा." तहसीलदार खुर्चीत बसून घड्याळाकडं बघत होते. रांगेत सातजण. एक चहावाला वाटत होता, एक कारकुनासारखा, दोघंतिघं हडकुळे. सगळ्यांच्या डोक्याला फडकं बांधून कान झाकायचे असतात म्हणे – हेही मला आत्ता व्याख्यानात कळलं. तेव्हा कुणी झाकले नव्हते. माझी नजर सवयीनं खालीच. मी हात बघत गेले, मग कान. पाचव्या माणसापाशी थांबले. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. मनानं म्हटलं, हा ओळखीचा आहे. आणि मी त्याच्या खांद्याला हात लावला.

इथवर तुमचे वकीलसाहेब बरोबर आहेत. इथवर ती चूकच होती. ओळखीचा वाटला, पण कुठला ओळखीचा हे डोक्यात बसलं नव्हतं. ह्यालाच ते पुस्तकातलं काहीतरी नाव सांगत होते. पण ह्यापुढं?

हात लागला तसा तो दचकला आणि म्हणाला, "वैनी?"

हळू म्हणाला. माझी काहीतरी गफलत होतेय आणि ती मला कळली की मी हसून हात मागं घेईन, असं वाटल्यासारखा. हवालदार खेकसला, गप ए! तहसीलदारांनी मान वर केली आणि मला विचारलं, "नक्की हाच?"

त्या घडीला मला सगळं लख्ख कळलं होतं. हा तो. हा पेला विसळणारा. एवढंच म्हणायचं होतं – साहेब, हा ओळखीचा आहे, पण आमच्या कट्ट्यावरचा. पळून गेला तो हा नव्हे. मी तोंड उघडलंही. आणि पुढचा प्रश्न मला ऐकू आला – तुम्ही गिऱ्हाइकांच्या तोंडाकडं बघत नाही ना? मग हा कसा लक्षात राहिला? दारात मामंजी उभे होते. आमचे हे उभे होते. पंच म्हणून आमच्याच पेठेतले दोघे.

मी म्हणाले, "हाच."

एक शब्द! आणि का? तर मी एका परक्या पुरुषाकडं बघत होते हे कळू नये म्हणून. माणसाचं आयुष्य एका पारड्यात आणि माझा पदर दुसऱ्यात, आणि पदर जड झाला. थू! आजही लिहिताना स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

खटला उभा राहायला वर्ष गेलं. वर्षभर मी कट्ट्यावर पेले भरत होते. वर्षात तीनशे पासष्ट दिवस असतात, तोंड उघडायला एक पुरला असता. उलट लोक येऊन माझं कौतुक करत होते. तात्यांच्या घरून साडीचोळी आली, ती मी नेसले. कट्ट्यावरच्या इतरांना माहीत नव्हतं का, की तो रोज येत होता? होतं की. पण तात्या पेठेतले, तो बाहेरचा. सगळ्यांनी म्हशीच्या कासेकडं बघायला सुरुवात केली. मामंजींनी साक्षीच्या दिवशी सकाळी म्हैस धुता धुता एवढंच म्हटलं, "कोर्टात कट्ट्याचा इषय काढायचा न्हाय." म्हणजे त्यांनाही कळलं होतं. पण मामंजींवर ढकलू का मी? ते कधीच गेले. आणि कोर्टात पिंजऱ्यात मामंजी उभे नव्हते, मी होते. त्यांनी माझी जीभ धरली नव्हती.

त्याला सरकारनं दिलेला वकील होता, नवखा पोरगेला माणूस. त्यानं मला विचारलं, घटनेच्या आधी तुम्ही ह्या माणसाला कधी पाहिलं होतं का? मी म्हणाले, नाही. तो म्हणाला, हा दोन वर्षं रोज तुमच्या कट्ट्यावर दूध पीत होता. मी म्हणाले –

हे वाक्य मी कुणाच्या सांगण्यावरनं म्हटलेलं नाही. माझं मी रचलं. म्हणाले, "साहेब, मी सून आहे त्या घरची. मी गिऱ्हाइकांच्या तोंडाकडं बघत नसते."

कोर्टात माना डोलल्या. जजसाहेबांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं, आदरानं. निकालपत्रात आलं की साक्षीदार घरंदाज स्त्री असून तिला खोटं बोलण्याचं काहीही कारण दिसत नाही. कारण दिसत नाही! ते कारण डोक्यावर पदर घेऊन त्यांच्यासमोर उभं होतं. त्या पदरापायीच तर खोटं बोलले, आणि त्या पदरामुळंच ते खरं ठरलं. मला त्या जजचा राग येतो, हवालदाराचा येतो, तहसीलदाराच्या घड्याळाचासुद्धा येतो. पण हे सगळे राग म्हणजे आडोसे आहेत, हे मला कळतं. त्यांनी सगळ्यांनी मला रस्ता झाडून दिला असेल, चालले मी माझ्या पायांनी.

आणि पैलवान? तो ओरडला नाही. शिवी दिली नाही. माझ्याकडं बघत राहिला, आणि मग जमिनीकडं बघायला लागला. तेव्हा त्याचं नाव मी पहिल्यांदा नीट ऐकलं. रंगराव. शिक्षेच्या दिवशी मी गेले नाही, घरी पुरणपोळ्या होत्या, कुठलासा सण होता. चौदा वर्षांनी तो सुटल्याचं कानावर आलं तेव्हा मी आठवडाभर कट्ट्यावर गेले नाही, ताप आला म्हणाले. तो येईल असं वाटत होतं. आला नाही. त्याला काय पडलं होतं माझं तोंड बघायचं!

व्याख्यानानंतर अकरा दिवस मी घरात धुसफुसत होते. सून विचारायची, आत्या, काय झालं? तिच्यावरच खेकसायची. शेवटी एका सकाळी जोतिबाला जाते म्हणून निघाले आणि मलकापूरच्या एसटीत बसले. बघा, तेव्हासुद्धा खोटं बोलूनच निघाले.

सुनंदाचं घर शोधायला अडचण आली नाही. पैलवानाचं घर म्हटल्यावर कुणीही दाखवतं, त्यापुढं "खुनी" लावूनच दाखवतात. तिनं दार उघडलं. मी कोण ते सांगितलं. मी उंबऱ्याबाहेरच म्हणाले, "तो यायचा. दोन वर्षं, रोज. मला माहीत होतं. मी खोटं बोलले." तिच्या तोंडावर मला राग दिसेल असं वाटलं होतं. दिसला नाही. ती म्हणाली, "मला नका सांगू. आत या. आईला सांगा."

आईचा मी विचारच केला नव्हता! खरंच सांगते – इतक्या वर्षांत पैलवान आठवला, कोर्ट आठवलं, मी स्वतः तर क्षणाक्षणाला आठवले, पण त्याला बायको होती हे मनातही आलं नाही. इंदूबाई. माझ्याच वयाची. आत भिंतीला टेकून शेंगा फोडत बसली होती. तो पकडला गेला तेव्हा सुनंदा पोटात होती.

मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. तुम्हाला सांगितलं तसंच, माझ्या बघण्यासकट. पेला विसळायचा तेही सांगितलं. तिचं शेंगा फोडणं थांबलं. माझी तयारी होती – शिव्या, चप्पल, जे येईल ते. सुनंदा दाराशी उभी होती.

मग इंदूबाई बोलली. आवाज चढवला नाही.

"तुमची साक्ष झाली तवा मी कोर्टात हुते. तानी लेक मांडीवर घिऊन मागं बसल्याली. तुम्ही म्हनला, मी तोंडाकडं बघत न्हाय. मला पटलं. म्हनलं, बाईमाणूस, डोईवर पदर, ती कशाला खोटं बोलंल? तुरुंगात भेटायला गेले तवा ह्यो म्हनला, इंदे, ती बाई मला वळखती, मी रोज दूध प्यायला जायचो. मी त्याला म्हनलं, त्या बाईवर आळ घालू नगंस. आनि उठून आले. पुन्ना गेले न्हाय. चौदा वर्सं न्हाय गेले. सुटून आला तर परड्यात वायलं हातरूण घातलं त्येला. चार वर्सं तितंच झोपला आनि तितंच मेला."

मी काहीतरी म्हणायला गेले. तिनं हात वर केला.

"एवडंच सांगा," ती म्हणाली. "त्यो खरं बोलत हुता न्हवं?"

मी म्हणाले, "व्हय."

एवढं म्हणायला मला चाळीस वर्षं लागली. तिनं मान हलवली आणि लेकीला म्हणाली, "मागचं परड्याचं दार उघड जरा." सुनंदानं उघडलं. इंदूबाई भिंतीला धरून उठली आणि एकटीच परड्यात गेली. मी तिथंच बसून राहिले. तिकडून रडण्याचा आवाज आला नाही. कुणाशी तरी बोलल्यासारखी ती हळूहळू बोलत होती, तिच्या नवऱ्याशी.